निर्णय मुलाचा, मशवरा घराचा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात आधी पेढे वाटले जातात आणि मग प्रश्न सुरू होतो, 'आता पुढे काय?' प्रश्न मुलाला विचारलेला असतो, पण उत्तर बहुधा दुसरेच कोणीतरी देते. मामू म्हणतात, माझ्या ओळखीने दुबईला लावून टाकू. चाचा म्हणतात, दुकानात माणूस हवाच आहे. शेजारचा मुलगा ज्या कोर्सला गेला, त्याचे माहितीपत्रक अम्मीने आणून ठेवलेले असते. मुलगा खाली मान घालून ऐकत असतो. मुलगी असेल तर ती पुष्कळदा त्या खोलीतही नसते.

आम्ही शिक्षक मंडळी हे दरवर्षी पाहतो. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला मुले येतात तेव्हा आम्ही विचारतो, 'कुठे प्रवेश घेतोस?' उत्तर ठरलेले असते, 'घरात ठरवतील.' या उत्तरात अदब आहे, आणि त्या अदबीची आम्हाला कदर आहे. पण त्याच वर्षी किंवा दोन वर्षांनी हा मुलगा कामावर लागतो. तिथे त्याच्याऐवजी ठरवायला घरातले कोणी नसते.

कामावरचे प्रसंग कसे असतात ते पाहा. मेन स्विच बंद न करताच वायर जोड, असे ठेकेदार सांगतो. मालक पहिल्याच दिवशी मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला मागतो. एखादा मित्र म्हणतो, 'तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार रुपये मिळतील.' पहिल्या प्रसंगात जीव जाऊ शकतो. दुसऱ्यात नोकरी सोडण्याची मोकळीक जाते. तिसऱ्यात फसवणुकीचा पैसा त्याच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस त्याच्या दारात येतात. तिन्ही ठिकाणी उत्तर दोन मिनिटांत द्यायचे असते. ज्याने सोळा-सतरा वर्षांत स्वतःच्या चपलांचा जोडसुद्धा स्वतः निवडलेला नाही, त्याच्याकडून त्या दोन मिनिटांत 'नाही' हा शब्द कसा निघणार?

निर्णय घेण्याची ताकद वय वाढल्याने आपोआप येत नाही. पोहण्यासारखी ती शिकावी लागते, आणि काठावर बसून पोहता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत निर्णय घेणे आणि समस्या सोडवणे ही दोन कौशल्ये आहेत. शाळेत आम्ही त्यांवर तास घेतो. पण या विषयाची खरी शाळा घर आहे, कारण खरे निर्णय तिथे होतात.

मशवरा कसा असतो

ही शिकवण आपल्यासाठी परकी नाही. पवित्र कुरआनातील एका सूरहचे नावच 'अश्शूरा', म्हणजे सल्लामसलत, असे आहे. आपले मामले आपसांतील मशवऱ्याने चालवणे, हा त्या सूरहमध्ये (४२:३८) ईमानवाल्यांचा गुण सांगितला आहे. हा मशवरा प्रत्यक्षात कसा असावा, हे उहुदच्या प्रसंगातून कळते.

हिजरी सन ३, म्हणजे इ.स. ६२५. मक्केचे सैन्य मदीनेवर चालून आले. शहरातच राहून मुकाबला करावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे स्वतःचे मत होते. पण अनेक तरुण सहाबांना बद्रच्या लढाईत भाग घेता आला नव्हता. बाहेर पडून लढावे, असा त्यांचा आग्रह होता. प्रेषितांनी (स.) सर्वांचे ऐकले, बाहेर पडण्याचा कल मान्य केला आणि घरात जाऊन चिलखत चढवले. तेवढ्यात तरुणांना वाटले, आपण फार जोर लावला. आपल्या मनाप्रमाणे करावे, अशी त्यांनी विनंती केली. पण ठरलेली गोष्ट आता ठरली होती. प्रेषितांनी (स.) चिलखत उतरवले नाही.

पुढे टेकडीवरच्या तिरंदाजांनी जागा सोडली आणि मुसलमानांना मोठी हानी सोसावी लागली. सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले. त्यानंतर जी शिकवण उतरली ती सूरह आलि इमरानमध्ये (३:१५९) आहे. त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमा मागा, कामकाजात त्यांचा सल्ला घ्या, आणि निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा, असा तिचा आशय आहे. एवढे नुकसान होऊनही सल्ला घेणे थांबवा, असा आदेश आला नाही. सल्ला घेण्याचाच आदेश आला.

आई-वडिलांसाठी यात तीन गोष्टी आहेत. तरुणांना विचारले ते नावापुरते नव्हते, त्यांच्या मताने निर्णय बदलला. एकदा ठरल्यावर धरसोड झाली नाही. आणि नुकसान झाल्यावर त्यांना टोमणे मिळाले नाहीत, पुढच्या मशवऱ्यातली त्यांची जागाही गेली नाही. आपल्या घरांत पहिली गोष्ट कधीकधी होते, दुसरी थोडीफार होते. तिसरी फार कमी ठिकाणी दिसते.

वहीचे एक पान

वर्गात आम्ही मुलांकडून एक साधे काम करून घेतो. वहीच्या एका पानावर सहा प्रश्न लिहायचे: नेमके काय ठरवायचे आहे? पर्याय कोणते, निदान तीन? पक्की माहिती कोणती आणि ऐकीव कोणती? कोणाला विचारायचे? चुकले तर मागे कसे फिरायचे? आणि कोणत्या तारखेला ठरवायचे?

एक उदाहरण घेऊ. बारावी झालेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा आहे, कोकणातल्या एखाद्या गावचा म्हणा. अब्बा रिक्षा चालवतात, पाठीवर दोन बहिणी शिकत आहेत. त्याच्यासमोर तीन वाटा आहेत. ओळखीचा एजंट आखाती देशात हेल्परची नोकरी देतो म्हणतो आणि दीड लाख रुपये मागतो. तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये एसी-रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आणि बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात उद्यापासून महिना नऊ हजारांवर काम मिळते.

पहिला प्रश्न: काय ठरवायचे आहे? 'दुबईला जायचे की नाही?' असे मुलगा लिहितो. आम्ही म्हणतो, हा प्रश्न एजंटचा झाला. तुझा प्रश्न काय? मग तो लिहितो, 'येत्या दोन वर्षांत घराला माझ्याकडून दरमहा किती पैसे लागतील, आणि त्या दोन वर्षांत माझ्या हाताला कोणते हुन्नर येईल?' प्रश्न नीट मांडला की निम्मे काम होते.

तिसऱ्या प्रश्नासाठी पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे पक्की माहिती, उजवीकडे ऐकीव. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे उजवीकडेच जाते. 'पगार चांगला आहे', 'राहणे-खाणे फुकट', 'एजंट भरवशाचा माणूस आहे'. मग एकेक ओळ डावीकडे आणण्याचे काम सुरू होते. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते, आणि तो नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. मग हे दीड लाख कशाचे? व्हिसा नोकरीचा आहे की व्हिजिटचा? व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणे तिथे बेकायदा आहे, आणि पकडला गेला तर एजंट नव्हे, मुलगा पकडला जातो. करारात मूळ पगार किती आणि ओव्हरटाईम धरून किती? जेवण कोणाचे? परतीचे तिकीट कोणाचे? करार हातात आल्याशिवाय या ओळी डावीकडे येत नाहीत.

पैसा कुठून येणार, हीदेखील माहितीच आहे. अम्मीचे दागिने गहाण ठेवून व्याजाने रक्कम उचलायची असेल, तर ज्या हलाल रोजीसाठी मुलगा निघाला आहे तिची सुरुवातच सुदाने होते. ही ओळ पानावर स्वच्छ दिसली पाहिजे. नातेवाइकांकडून बिनव्याजी कर्जे हसना मिळत असेल तर तसे लिहा. मिळत नसेल तर तेही लिहा.

आता दुसरी वाट. आयटीआयमध्ये दोन वर्षे कमाई नाही. मात्र हातात हुन्नर आणि प्रमाणपत्र येते. पुढे १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली कंपनीत शिकाऊ उमेदवारी करता येते आणि तिथे विद्यावेतन मिळते. शिकावेसे वाटले तर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही सोय आहे. शिवाय आखातातच जायचे असेल, तर हेल्पर म्हणून जाणारा आणि एसी मेकॅनिक म्हणून जाणारा यांच्या पगारात आणि वागणुकीत काय फरक असतो, हे तिथून सुट्टीवर आलेल्या कोणालाही विचारा.

मोबाईलच्या दुकानाची वाट लहान दिसते, पण तिथेही एक प्रश्न आहे. मालक फक्त विक्रीला उभे करणार की दुरुस्ती शिकवणार?

सगळे लिहून झाल्यावर पुष्कळदा चौथी वाट दिसते. दिवसा आयटीआय आणि संध्याकाळी दुकानात चार तास. पैसे थोडे कमी, पण घर चालते आणि हुन्नरही येते. ही वाट मामूंनी सुचवली नव्हती, एजंटने तर नाहीच. ती पानातून निघाली.

सगळ्यांनी आयटीआयलाच जावे, असे मात्र आमचे म्हणणे नाही. अब्बा आजारी असतील आणि घरात दुसरी कमाई नसेल, तर नोंदणीकृत एजंट, खरा करार आणि बिनव्याजी पैसा असलेली परदेशातली नोकरीही शहाणपणाचीच ठरेल. दोन घरांतील दोन मुले एकाच पानावरून वेगवेगळ्या निर्णयांवर येतील आणि दोघेही बरोबर असतील. मुलाला आपला निर्णय कारणासह सांगता आला पाहिजे, एवढेच आम्ही तपासतो.

कोणाला विचारायचे, याचाही एक नियम आम्ही मुलांना सांगतो. ज्याने ते काम स्वतः केले आहे त्याला विचारा, आणि ज्याचा त्यात फायदा नाही अशालाही विचारा. एजंटला व्हिसा विकायचा असतो, क्लासवाल्याला जागा भरायची असते. त्यांचे ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका.

इस्तिखारा कधी, कसा?

आमच्याकडे पालक येतात आणि सांगतात, 'आम्ही अमुक साहेबांकडून इस्तिखारा काढून आणला, नाही असे आले.' मुलाने प्रवेशाची तारीख, फी, अंतर, काहीच पाहिलेले नसते. इस्तिखारा हा निर्णयापासून सुटका करून घेण्याचा मार्ग समजला जातो, हे दुःखाचे आहे.

हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे की प्रेषित (स.) सहाबांना इस्तिखारा असा शिकवत, जशी कुरआनची सूरह शिकवत. त्यात दोन रकात नफ्ल नमाज आणि एक दुआ आहे. ज्याचे काम आहे तो बंदा स्वतः आपल्या रबकडे मागतो की यात खैर असेल तर सोपे कर, नसेल तर मला यापासून आणि याला माझ्यापासून दूर कर. स्वप्न पडलेच पाहिजे, हिरवा-लाल रंग दिसलाच पाहिजे, अशी अट त्या हदीसमध्ये नाही. उंट आधी बांधा आणि मग तवक्कुल करा, ही तिर्मिजीतील शिकवण आपल्या मुलांना तोंडपाठ असते. माहिती काढणे आणि मशवरा करणे म्हणजे उंट बांधणे. मुलाने पान भरावे, मोठ्यांशी बोलावे, आणि मग स्वतः वुजू करून आपल्या रबसमोर उभे राहावे. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या आयुष्यासाठी स्वतः हात पसरायला शिकवणे, हीसुद्धा तरबियतच आहे.

मुलीही याच घरात आहेत

हिजरी सन ६ मध्ये हुदैबियाच्या करारानंतर सहाबा इतके दुःखी होते की कुर्बानी करून एहराम सोडायला कोणी उठेना. प्रेषितांनी (स.) ही गोष्ट आपल्या पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना सांगितली. त्यांनी सल्ला दिला की आपण कोणाशी न बोलता बाहेर जावे, स्वतः कुर्बानी करावी आणि डोके मुंडवून घ्यावे. तसे होताच सगळे उठले. उम्मतच्या एका नाजूक घडीला एका स्त्रीच्या सल्ल्याने वाट निघाली.

निकाहला मुलीची रजामंदी लागते, हे आपण सर्व जण जाणतो. मग तिने पुढे काय शिकावे, कोणते काम करावे, यात तिला विचारायचे नाही, हे कोणत्या हिशोबाने? पालकांची काळजी खरी असते. तालुक्याला जाणारी एस.टी. किती वाजता, परतीची शेवटची गाडी कोणती, वसतिगृह कसे आहे, सोबत कोण आहे? ही काळजी पानावर प्रश्न म्हणून लिहा आणि मुलीला उत्तरे शोधू द्या. तीन मैत्रिणी मिळून जाणार असतील, कॉलेज दुपारी सुटत असेल, तर अर्धी काळजी तिथेच मिटते. 'जमाना खराब आहे' या एका वाक्यावर पान बंद केले, तर मुलगी निर्णय घ्यायला शिकत नाही. ती गप्प बसायला शिकते, आणि पुढे सासरी किंवा नोकरीत चुकीच्या गोष्टीवरही गप्पच बसते.

सुरुवात आठवीपासून

बारावीच्या निकालानंतर एकदम मोठा निर्णय मुलाच्या हातात दिला तर तो गांगरेल. सवय लहान गोष्टींतून लागते. ईदी मिळाली की तिचे काय करायचे, हे सातवी-आठवीच्या मुलाला ठरवू द्या. त्याने स्वस्तातला हेडफोन घेतला आणि पंधरा दिवसांत बिघडला, तर नवा आणून देऊ नका आणि रागावूही नका. दोनशे रुपयांत तो जे शिकला, ते पुढे दीड लाखांच्या वेळी कामाला येईल. नववीत महिन्याच्या किराण्याची यादी आणि पैसे एकदा त्याच्या हाती द्या. रमजानात परीक्षा आली तर सहरी, अभ्यास, झोप आणि तरावीह यांचे वेळापत्रक त्यालाच करू द्या. शाळेत आम्ही सहलीचा हिशोब मुलांवरच सोपवतो. किती बस, माणशी किती वर्गणी, कोणाला सवलत, हे त्यांनीच बसून ठरवायचे. पहिल्या बैठकीत गोंधळ होतो, तिसऱ्या बैठकीत जमते.

'मग आई-वडिलांच्या शब्दाला काही किंमतच नाही का?' असे काही पालक विचारतात. किंमत आहेच. काही हद्दी आधीच सांगून ठेवा. हराम कमाई नको, जिवाला धोका नको, आणि घराजवळ नाहीत ते पैसे नकोत. या हद्दी पालकांच्या आहेत, आणि त्या कारणासह सांगितल्या तर मुले मानतात. या हद्दींच्या आत मात्र मुलाला खरोखर ठरवू द्या. वडिलांनी शेवटी बोलावे, हेही उपयोगी पडते. वडील आधी बोलले की बाकीचे फक्त माना डोलवतात, मग तो मशवरा राहत नाही.

चुकले तर?

काही निर्णय चुकतील. दुकानातला मालक दुरुस्ती शिकवणार नाही, किंवा घेतलेला ट्रेड मुलाला झेपणार नाही. म्हणून पाचवा प्रश्न पानावर आहे. तीन महिन्यांनी पुन्हा बसण्याची तारीख आधीच ठरवा. त्या दिवशी एवढेच विचारा की काय ठरवले होते, काय झाले, आता काय बदलायचे.

त्या बैठकीत एक वाक्य टाळा, 'तरी मी सांगत होतो.' हे वाक्य ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी जास्त विचार करत नाही, तो लपवायला लागतो. कामावर मालकाने कोऱ्या कागदावर सही मागितली, एजंटने पासपोर्ट ठेवून घेतला, मित्राने खाते मागितले, यातले तो घरी काहीच सांगत नाही. ज्याला घरात चुकीची कबुली देता येते, तोच मुलगा संकटात पहिला फोन घरी करतो. उहुदनंतरची ती शिकवण आपल्या दस्तरखानाजवळ आली पाहिजे, ती यासाठीच.

या जुम्याच्या रात्री जेवण झाल्यावर एक वही काढा. घरातल्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला सांगा, 'सहा प्रश्न लिही, आज आम्ही फक्त ऐकणार.' पहिल्या रात्री पान अर्धेच भरेल, भरू द्या. उरलेले पुढच्या जुम्याला पाहा.

अल्लाह आपल्या मुला-मुलींना योग्य निर्णयाची समज देवो, हलाल आणि बरकतीची रोजी देवो, आणि आपल्याला त्यांचे ऐकून घेण्याचा सब्र देवो. आमीन.